हवेचा वैरी

भोर तालुक्यातल्या भोंगवलीच्या आसपास एखाद्या दुधाच्या गोठ्याकडे वळलं की गायींच्या आधी पुष्कळदा तो दिसतो. भिंतीला पाठ लावून, उन्हापासून जरा आडोशाला, पोट सुटलेला. अंगात पांढऱ्या जाड विणीची बॅग, तिच्या आत प्लास्टिकचं अस्तर, गळ्याशी सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळलेली, डोक्यावर दोन धोंडे किंवा जुना टायर. कुणाकडे तो पाचशे किलोचा, कुणाकडे हजाराचा. ज्यांची जनावरं जास्त, त्यांच्याकडे तो सिमेंटच्या खड्ड्यात आडवा पडलेला असतो आणि वर नुसता प्लास्टिकचा कागद अन् त्यावर मातीचा थर दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, खत साठवून ठेवलंय. गळ्याची पट्टी सैल केली की मात्र ओळख पटते. आंबूस, थोडा गोडसर, नाकाला न टोचणारा वास बाहेर येतो आणि दावणीच्या सगळ्या माना एकाच वेळी तिकडे वळतात. हा मुरघास.

त्याचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: त्याला हवा सोसत नाही. ऊन सोसतं, थंडी सोसते, भोरचा पाऊसही अंगावर घेत तो महिनोन् महिने उभा राहतो. पण बोटभर छिद्रातून हवा आत गेली की तो आतून बिघडायला लागतो, आणि बिघडलेला मुरघास गायीच्या पोटात काय करतो हे ज्यानं पाहिलंय तो पुन्हा बॅगेची गाठ सैल बांधत नाही. त्याचे सगळे गुण आणि सगळे अवगुण या एका वैरातून निघतात.

तो या भागात आला तो इथल्या उन्हाळ्यामुळे. भोर तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातो तसा पाऊसही उतरत जातो. तिकडे पश्चिमेला हिर्डस मावळात भातखाचरं तुडुंब भरलेली असतात. इकडे भोंगवलीच्या बाजूला, पुरंदरची हद्द जवळ करताना, ज्वारी-बाजरी-भुईमुगाची जमीन लागते. भाटघरचं धरण १९२८ सालचं, आणि तेही याच तालुक्यात. त्याचं पाणी नीरेतून वीरला आणि तिथून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. विहिरीला आणि नदीकाठाला ज्यांचं शेत आहे त्यांचं निभतं. बाकीच्यांची हिरवी वैरण होळीच्या सुमाराला संपते, आणि गाय तर रोज खाते. तिच्या पोटाला कॅलेंडर नसतं.

मुरघास येण्याआधी गव्हाणीत जे जुने रहिवासी होते त्यांना मी कमी लेखत नाही. कडबा हा सज्जन. कोरडा, पण पोट धरून ठेवणारा, रवंथ करायला लावणारा. भाताचा पेंढा वरच्या खोऱ्यांतून ट्रॉली भरून येतो. तो पोट भरतो, पण त्यात प्रथिनं नावालाच आणि वाळूसारखी सिलिका भरपूर, त्यामुळे पचता पचत नाही. गळिताच्या दिवसांत, राजगड कारखान्याच्या परिसरातल्या तोडीतून, उसाचं वाढं मिळतं. हिरवंगार दिसतं, जनावर आवडीनं खातं, पण त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकतं. जास्त दूध देणाऱ्या गायीला महिनोन् महिने वाढ्यावर ठेवलं तर व्यायल्यावर ती बसते ती उठत नाही, आणि डॉक्टरांना सलाईन लावायला बोलवावं लागतं. ही सारी मंडळी आपापल्या हंगामाची. वर्षभर एकच चव, एकच ताकद देणारा त्यांच्यात कुणी नव्हता. ती जागा मुरघासानं घेतली.

त्याचं मूळ मक्याचं. ज्वारीचा, बाजरीचा, संकरित नेपियरचाही तो होतो, पण मक्यात साखर पुरेशी असते म्हणून मका त्याला मानवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘आफ्रिकन टॉल’ हा चाऱ्याचा मका आपल्याकडे यासाठी पुष्कळ वर्षं पेरला जातो; उंच, पानाळ, पाणी-खत मिळालं तर एकरी वीसेक टन हिरवा चारा देणारा. कापायची वेळ मात्र नेमकी साधावी लागते. कणसातला दाणा नखानं दाबला तर दूध उडतं, तेव्हा थांबायचं. दूध घट्ट होऊन चीक धरला की कोयता लावायचा. त्या वेळी पिकात शंभरातले तीस-पस्तीस भाग कोरडे आणि बाकीचे पाणी असतं. अनुभवी माणूस यंत्राशिवाय ते ओळखतो: कुट्टी मुठीत घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. पाणी ठिबकलं तर घाई झाली. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला. गोळा हळूहळू उमलत गेला की भरायला घ्यायचं.

भरण्याचा दिवस म्हणजे घराचं एक छोटं लग्नच. पहाटे कापणी लागते, कुट्टीयंत्र ट्रॅक्टरला जोडून धडधडत राहतं, एक ते दोन सेंटिमीटरचे तुकडे फवाऱ्यासारखे उडतात, सगळ्यांच्या केसांत आणि पापण्यांवर मक्याचा हिरवा कोंडा बसतो. बाया बॅगेत उतरून पायांनी तुडवतात. खड्डा असेल तर थरावर थर टाकत ट्रॅक्टर पुढे-मागे फिरवतात. बाहेरच्याला हे तुडवणं वेंधळं वाटेल, पण मुरघासाचं सगळं संगोपन या तुडवण्यात आहे. घट्ट दाबलेल्या कुट्टीच्या एका घनफुटात पंधरा-सोळा किलो बसतो. दहा फूट लांब, पाच रुंद, पाच खोल एवढ्या खड्ड्यात चारेक टन. कोपरे राहून जातात, आणि दगा होतो तो कोपऱ्यांतच. मधोमध सगळेच नाचतात, कडेला कुणाचा पाय जात नाही. म्हातारी माणसं काठीनं कोपरा टोचून बघतात आणि पोरांना परत आत उतरवतात. काम त्याच दिवशी संपवायचं आणि तोंड त्याच दिवशी बंद करायचं. रात्रभर उघडं ठेवलेलं पीक सकाळी गरम लागतं, आणि त्या गरमीत त्याची साखर जळून गेलेली असते.

मग दीड महिना त्याच्याकडे बघायचं नाही. या काळात आत जे चालतं त्याची मला कायम ओढ वाटत आली आहे. कापलेल्या मक्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या उरलासुरला प्राणवायू श्वासात ओढून संपवतात आणि थोडी ऊब सोडतात. प्राणवायू संपला की हवेवर जगणारे जीव मागे पडतात आणि पानांवर आधीपासून बसलेले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढू लागतात. साखर खायची, आम्ल सोडायचं, एवढंच त्यांचं काम. आम्ल वाढत जातं, सामू खाली येत चारच्या आसपास पोचतो, आणि अशी वेळ येते की त्या आंबटपणात कुणालाच काही करता येत नाही. आम्ल करणाऱ्या जिवाणूंनाही नाही. सगळं थांबतं. कैरीचं लोणचं घालणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही: फोडी दाबून भरायच्या, वर हवा ठेवायची नाही, बरणीचं तोंड बांधायचं आणि मुरू द्यायचं. फरक एवढाच की लोणच्यात मीठ आणि तेल राखण करतं, इथे पीक स्वतःच्याच आम्लानं स्वतःची राखण करतं.

या दिवसांत एक धोका माणसालाही असतो. बंद खड्ड्यात कर्बवायू साठतो, पहिल्या काही दिवसांत नायट्रोजनचे विषारी वायूही तयार होतात. खोल, झाकलेल्या खड्ड्यात ‘बघून येतो’ म्हणून एकट्यानं उतरू नये. पोरांना तर त्याच्या तोंडाशीसुद्धा खेळू देऊ नये.

त्याचं कूळ मोठं आहे. फ्रान्समधला शेतकरी ऑग्युस्त गोफार यानं १८७७ साली मका मुरवण्याच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेपर्यंत गेलं. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी बर्फाळ देशातल्या गायींसाठी ओल्या गवतात आम्ल घालून त्याचा सामू चारच्या खाली नेण्याची पद्धत बसवली, आणि १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते मुख्यतः या चारा टिकवण्याच्या कामासाठी. नोबेल मिळालेली गोष्ट आपल्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे, हे शेतकऱ्याच्या पोराला शाळेत कुणी सांगत नाही. सांगायला हवं. पुणे जिल्ह्यात उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफची सुरुवात केली. संकरित गायी गावोगाव पोचल्या त्या अशा संस्थांच्या आणि दूध संघांच्या कामातून. गायी मोठ्या झाल्या, दूध वाढलं, आणि मग त्या दुधाला पुरणारी वैरण कुठून आणायची हा प्रश्न दाराशी आला. मुरघास हा त्या प्रश्नामागून आलेला पाहुणा.

परदेशात त्याच्यावर जे लिहिलं-अभ्यासलं जातं त्यातलं बरंच मांसासाठी वाढवलेल्या गोवंशाबद्दल असतं. आपल्याकडे तसं पशुपालन नाही. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीनं वळू आणि बैलही त्यात आले. इथे मुरघास जातो तो होलस्टिन-जर्सीच्या संकरित गायींच्या, म्हशींच्या, कुठे खिल्लार बैलांच्या आणि शेळ्यांच्या पोटात. तरी तिकडच्या अनुभवातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. अमेरिकेत हजारो गुरं एका आवारात ठेवून मक्याच्या दाण्यावर झटपट वाढवतात. तिथे जनावराच्या पोटात आम्ल माजतं, पोटाच्या आतलं अस्तर सोलवटतं, जिवाणू रक्तातून यकृतात जाऊन गळवं करतात. म्हणून दाण्याच्या जोडीला काही वाटा मुरघासाचा किंवा कोरड्या चाऱ्याचा ठेवावाच लागतो, धागा असलेला, चावायला लावणारा. जनावर दुधाचं असो की मांसाचं, त्याला चार कप्प्यांचं तेच पोट आहे. त्या पोटाचे नियम बाजाराप्रमाणे बदलत नाहीत.

त्या पोटात तो काय करतो, ते जरा नीट पाहू. गायीचं कोटीपोट ही शंभर लिटरच्या आसपासची एक जिवंत कढई आहे. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव चारा कुजवून त्याची आम्लं करतात, आणि गाय खरं तर त्या आम्लांवर आणि त्या जीवांवर जगते. या जीवांना अचानक बदल आवडत नाही. आज हिरवं गवत, उद्या वाढं, परवा नुसता कडबा असं झालं की त्यांची एक वस्ती मरते आणि दुसरी उभी राहायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्या दिवसांत दूध उतरतं, शेण पातळ होतं, गाय सुस्तावते. मुरघासाचा पहिला मोठा उपकार हा की तो रोज तसाच असतो. मार्गशीर्षात जसा, जवळजवळ तसाच वैशाखात. गायीच्या तब्येतीला त्यानं दिलेली सगळ्यात मोठी देणगी कुठलं जीवनसत्त्व नव्हे, हा सारखेपणा.

दुसरं, त्यात दाणा असतो. मक्याच्या दाण्यातलं पिष्ट कोटीपोटात जाऊन प्रोपिऑनिक आम्ल देतं, यकृत त्याची साखर करतं, आणि त्या साखरेतून दुधातली साखर बनते. मुरघासातलं लॅक्टिक आम्लही तिथले काही जिवाणू याच वाटेला लावतात. व्यायलेल्या गायीला पहिले दोन महिने खाल्लेलं पुरत नाही. ती अंगावरची चरबी जाळते आणि किटोसिसकडे झुकते; भूक मंदावते, श्वासाला गोडसर वास येतो, दूध घसरतं. अशा गायीला चविष्ट, ताकदीचा चारा वेळेवर मिळाला तर ती सावरायला मदत होते. तिसरा गुण कमी लोकांना ठाऊक आहे. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडची विषबाधा करणारं द्रव्य असतं, ताणातल्या पिकात नायट्रेटही साठतं. नीट मुरताना या दोन्हींचा जोर बराच उतरतो, पूर्ण जातो असं नाही. दुष्काळाच्या वर्षी अर्धवट वाळलेलं पीक तसंच गव्हाणीत टाकण्यापेक्षा ते मुरवून, तपासून देणं शहाणपणाचं.

आता त्याला न येणाऱ्या गोष्टी. तो पिकात नसलेलं काही निर्माण करत नाही. उलट मुरताना थोडं जातंच. उत्तम जमला तर दहावा हिस्सा, बिघडला तर तिसरा. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कोरड्या वजनाच्या आठेक टक्के. दुधाच्या गायीला त्यावर भागत नाही. पेंड, डाळीची चुणी, लसूणघास, खनिज मिश्रण लागतंच. दुकानात विकायला येणाऱ्या कल्चरच्या पुड्या चांगल्या पिकाला मदत करतात, पण जो मका उशिरा कापला आणि ढिला भरला त्याला कुठलीही पुडी वाचवत नाही. “मुरघास सुरू केला तर दूध किती वाढंल?” हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. त्याचं प्रामाणिक उत्तर असं, की आधी जनावर उपाशी किंवा आबाळीत असेल तर वाढलेलं दिसेल. आधीपासून पोटभर हिरवं खात असेल तर वाढणार नाही, पण उन्हाळ्यात ते टिकेल. टिकलेलं दूध वहीत वेगळं लिहिलं जात नाही, म्हणून त्याचं श्रेयही त्याला कुणी देत नाही.

तो आंबट आहे, हेही लक्षात ठेवायचं. रिकाम्या पोटी, एकट्या त्याच्यावर गाय ठेवली की पोटात आम्ल चढतं. रवंथ कमी होतो. रवंथाबरोबर तोंडात येणारी लाळ ही गायीची स्वतःची आम्ल मारणारी सोय, तीच आटते. मग शेण पातळ, फेसाळ; फॅट खाली; काही दिवसांनी खुरं दुखू लागतात आणि गाय पाय बदलत उभी राहते. संकलन केंद्रावर फॅट घसरली की घरात आधी पेंडीला दोष देतात. दोष पुष्कळदा गव्हाणीतून नाहीशा झालेल्या कडब्याचा असतो. म्हणून कडबा, सरमाड, निदान पेंढा तरी त्याच्या सोबत रोज हवा. डॉक्टर खाण्याचा सोडा सांगतात तो याच कारणासाठी. आणखी एक: जुना झालेला मुरघास नव्यापेक्षा जोरकस असतो. महिने जातात तसं दाण्याभोवतीचं प्रथिनाचं वेष्टण सुटत जातं आणि पिष्ट जास्त झटक्यानं पचतं. सहा महिन्यांपूर्वी ज्या मापानं दिला त्याच मापानं देऊन गायीला त्रास झाला, तर कारण इथे शोधावं. सुरुवात चार-पाच किलोनं करावी आणि आठ-दहा दिवसांत पंधरा-वीस किलोपर्यंत चढावं. लहान वासरांना तो देऊ नये. त्यांचं कोटीपोट अजून तयार व्हायचं असतं. आणि धारेच्या आधी देऊ नये. धार झाल्यावर द्यावा, नाहीतर त्याचा वास दुधाला लागतो.

आता त्याच्या रागाबद्दल. उंदरानं बॅग कुरतडली, कावळ्यानं किंवा कोंबडीनं चोच मारली, ओढताना खिळ्याला अडकून फाटली, की तिथून हवा शिरते. झोपलेलं यीस्ट जागं होतं, आम्ल खाऊन टाकतं, मुरघास गरम होतो. त्यामागून बुरशी येते; पांढरी, निळी-हिरवी, कधी गुलाबी. काही बुरश्या विष करतात. त्यांतलं अफ्लाटॉक्सिन तर गायीपुरतं राहत नाही, रूप बदलून दुधात उतरतं. म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांनी दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. बुरशी लागलेला घास गव्हाणीत टाकणारा माणूस नकळत तो घास शहरातल्या एखाद्या लेकराच्या पेल्यापर्यंत पोचवत असतो. कडेच्या, आंबटपणा उतरलेल्या भागात लिस्टेरिया वाढतो. त्यानं गाय गाभडते. शेळी-मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते. आणि पीक फार ओलं भरलं असेल, त्यात माती गेली असेल, तर दुसरेच जिवाणू माजून ब्युटिरिक आम्ल करतात. तो वास खवट तुपाचा, हाताला चिकटला की धुऊनही जात नाही. असा मुरघास काळपट, चिकट असतो. जनावर तोंड फिरवतं. तोंड फिरवणाऱ्या गायीला उपाशी ठेवून तो खायला लावणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

सगळ्यात भयंकर प्रकार क्वचित घडतो, पण सांगायलाच हवा. कापणीत साप, उंदीर, घूस यंत्रात सापडून कुट्टीत गेली तर त्या मांसावर बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. त्यानं जनावर लुळं पडतं, जीभ बाहेर लोंबते, आणि उपचाराला फारसा वेळ मिळत नाही. मुरघासात मेलेला प्राणी दिसला तर नुसता तो उचलून फेकू नये. आजूबाजूचा भरपूर चाराही काढून टाकावा, आणि शंका राहिली तर सगळी बॅग.

अशा वेळी घरातलं संभाषण मी ऐकलेलं आहे आणि ते जसंच्या तसं चांगलं आहे. सून टोपली घेऊन बॅगेशी वाकलेली असते.

“आत्या, कडंचं जरा काळं पडलंय. निवडून घालू का?”

“नगं बाई. गाभण हाय ती. उकिरड्यावर टाक सगळं.”

“येवढं वाया जाईल की.”

“जाऊ दे. गाय गेली तर काय टाकशील?”

हा हिशेब बरोबर आहे. एका टोपलीची किंमत काही रुपये. गाभडलेल्या गायीचं एक वेत वाया जातं.

त्याच्या बिघडण्याचं एक कारण इतकं साधं आहे की ते कुणी कारण मानत नाही: बॅग जनावरांच्या मानानं मोठी असते. दोन गायी रोज तीस किलो खातात. त्यांच्या घरी हजार किलोची बॅग उघडली तर ती संपायला महिना लागतो आणि तेवढे दिवस रोज तोंड उघडतं, रोज हवा आत जाते. त्या घराला लहान बॅगा हव्यात, नाहीतर यंत्रानं गुंडाळलेले पन्नास-साठ किलोचे गठ्ठे. खड्डेवाल्यांनी रोज सबंध तोंडावरून निदान अर्धा फूट सरळ कापत यावं. मधेच उकरून बीळ करू नये. विकतचा मुरघास घेणाऱ्यांची वेगळी काळजी आहे. ट्रक दारात आला, भाव ठरला, पैसे दिले, आणि मग एक बॅग उघडली, असा क्रम असतो. तो उलटा हवा. आधी उघडायचं, वास घ्यायचा, मूठ दाबायची, दाणा किती आहे पाहायचा, मग भाव. कणसं काढून घेऊन उरलेल्या ताटांचा केलेला मुरघास दिसायला तसाच असतो, पण त्यात गायीला लागणारी ताकद नसते. पाणी आणि धागा विकत घेतल्यासारखं होतं.

भोरसारख्या भाताच्या तालुक्यासाठी एक विचार माझ्या मनात घर करून आहे. जपानात चाऱ्यासाठीच लावलेलं भाताचं पीक ओंबीसकट कापून, गठ्ठे बांधून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मुरवतात आणि ते दुधाच्या तसंच मांसाच्या जनावरांना घालतात. त्या मुरघासात ई जीवनसत्त्व भरपूर टिकतं असं तिथल्या संशोधकांना आढळलं आहे. आपला इंद्रायणी भात कुणी चाऱ्यासाठी कापणार नाही आणि कापूही नये. पण अवेळी पावसानं आडवं झालेलं, पळंज राहिलेलं खाचर हिर्डस मावळापासून खालपर्यंत दर काही वर्षांनी दिसतं, आणि ते तिथेच कुजतं. ते कुजायच्या आत मुरवता येईल का, हे कृषी विज्ञान केंद्रांनी आणि पशुसंवर्धन खात्यानं इथल्या शेतात करून दाखवावं. कोरड्या पेंढ्यासाठी तर उपाय जुना आहे. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, दाबून तीन आठवडे झाकायचा. तो मुरघास नव्हे, तिथे काम अमोनिया करतो. पण पेंढा मऊ होतो, प्रथिनाची बाजू सुधारते. वासरांना मात्र तो द्यायचा नाही, आणि युरियाचं माप अंदाजानं घ्यायचं नाही.

तर मुरघास घरी असेल, किंवा आणायचा विचार असेल, त्यांना सांगणं इतकंच. रोज बॅग उघडल्यावर पहिली मूठ आपल्या नाकाशी न्या. रंग पिवळसर हिरवा आणि वास ताकासारखा आंबूस असेल तर घाला. गरम लागला, खवट आला, बुरशीचा ठिपका दिसला तर तो भाग दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त काढून खतात टाका. गाभण जनावराला तर संशयाचाही घास नको. कडबा सोडू नका. घास काढून झाला की बॅगेतली हवा दाबून बाहेर काढा आणि गाठ स्वतः बांधा. घाईत असलेल्या पोरावर ते काम टाकू नका. शेण पातळ झालं, गाय पाय बदलू लागली, खाणं टाकलं, तर पेंड बदलण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा आणि त्यांना आधी ती उघडी बॅग दाखवा.